आई-बाबांना घेऊन आरव्हीने झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन: गाडीतलं घर चालवायचं कसं

उन्हाळा जवळ आला की इकडे अमेरिकेतल्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो, आई-बाबा येतायत, पोरांना सुट्टी आहे, आरव्ही (म्हणजे आत बेड, शेगडी आणि संडास असलेली गाडी) भाड्याने घ्यावी का? उत्तरं पण ठरलेली. कोणी म्हणतं लाइफटाइम एक्स्पीरियन्स, कोणी म्हणतं संडास साफ करायला सुट्टी घालवायची का. दोन्ही खरंय. पण मुळात आरव्हीची ट्रिप फसते ती ड्रायव्हिंगमुळे कमी आणि पाणी, वीज आणि सांडपाणी या तीन गोष्टी कोणी नीट समजून न घेतल्यामुळे जास्त. म्हणून हा लेख लांबलचक आहे, आणि त्यात फोटो पॉइंट्स कमी आणि टाक्या जास्त आहेत.

उदाहरणाला लास व्हेगासहून निघणारा गोल घेते, कारण पहिल्यांदा जाणारे बहुतेकजण हाच करतात: व्हेगास, झायन आणि ब्राइस कॅन्यन ही दोन नॅशनल पार्क, पेज हे छोटं गाव, ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम म्हणजे दक्षिणेकडचा कडा, परत व्हेगास. साधारण ८०० मैल. एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य किंवा सप्टेंबर हा यासाठी सगळ्यात बरा काळ. जुलैमध्ये व्हेगासला ११० फॅरनहाइटच्या वर पारा जातो आणि आरव्हीचा एसी तेव्हा नुसता आवाज करतो.

गाडी कुठली घ्यायची

अमेरिकेत मोटरहोमचे तीन वर्ग. क्लास ए म्हणजे बससारखी मोठी, पहिल्यांदा नकोच. क्लास बी म्हणजे व्हॅन, दोघांसाठी छान, पाच जणांत भांडणं. क्लास सी म्हणजे ट्रकच्या तोंडावर घराचा डबा बसवलेली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेली, भाड्याने मिळते ती बहुतेक हीच, फोर्ड ई-४५० किंवा तत्सम चासीवर. सहा जण झोपू शकतात असं वेबसाइटवर लिहिलेलं असतं त्यातून दोन वजा करा. डोक्यावरच्या बेडला शिडी चढून जावं लागतं आणि वर नीट बसताही येत नाही, तो पोरांचा. मागचा बेड आई-बाबांचा, आणि बुक करताना त्या बेडच्या दोन्ही बाजूंनी उतरता येतं का ते प्लॅनमध्ये बघा, नाहीतर रात्री बाबांना बाथरूमला जायचं तर आईला ओलांडून जावं लागेल. डायनिंग टेबल मोडून तिसरा बेड होतो, तो तुमचा.

लांबी २५ फुटांपर्यंतच ठेवा. ३० फुटीत जागा जास्त वाटते पण जुन्या कॅम्पग्राउंडमधल्या किती साइट्समध्ये ती मावत नाही ते बुकिंगला बसल्यावर कळतं. लायसन्स तुमचं नेहमीचंच चालतं.

लहान मूल असेल तर एक गोष्ट आधी विचारून घ्या: कार सीट कुठे बसणार? ती पुढे तोंड असलेल्या, पक्क्या सीटबेल्टच्या सीटवरच लावायची असते. डायनिंगची उलट्या तोंडाची बाकडी किंवा आडवा सोफा चालत नाही, आणि काही गाड्यांमध्ये पुढे तोंड असलेली सीट मागे एक किंवा दोनच असतात. गाडी चालू असताना सगळे बेल्ट लावून बसलेले पाहिजेत. आई चालत्या गाडीत उठून चहा ठेवते हे चित्र डोक्यातून काढून टाका.

पैशांचं स्पष्टच सांगते, हे स्वस्त नाहीये. रोजचं भाडं दिसतं ते कमी असतं, मग त्यावर मैलांचे पैसे, जनरेटरच्या तासांचे पैसे, अंथरूण-पांघरूण आणि भांड्यांच्या किटचे पैसे, इन्शुरन्स, कॅम्पसाइट आणि पेट्रोल. क्लास सी गॅलनला ८ ते १० मैल देते, म्हणजे आपल्या ८०० मैलांना ८० ते १०० गॅलन. मिनीव्हॅन आणि मोटेल याहून स्वस्त पडेल. आरव्ही घ्यायची ती पैसे वाचवायला नाही, तर दुपारी एक वाजता बाबांना आडवं होता येतं, बाथरूम कायम दहा पावलांवर असतं आणि चार दिवस सॅलड-सँडविचवर काढावे लागत नाहीत म्हणून. भांड्यांचं किट मात्र घेऊ नका, त्यातल्या पातळ पातेल्यात पिठलं खाली लागतंच.

रूट आणि बुकिंग

नियम एकच, गाडी कमी चालवा आणि मुक्काम जास्त करा. एका जागी किमान दोन रात्री. दर वेळी हलायचं म्हणजे सगळं आवरा, नळ्या काढा, पोचल्यावर पुन्हा लावा, यात दोन्हीकडचे मिळून दीड-दोन तास जातात, आणि एका रात्रीसाठी ते केलं की माणूस कॅन्यन बघायला नाही तर नळ्या जोडायला आलाय असं वाटायला लागतं. सहा रात्री असतील तर पेज एका रात्रीचं करा नाहीतर सरळ सोडून द्या, ग्रँड कॅन्यनला दोन रात्री द्याच.

झायनमधल्या वॉचमन कॅम्पग्राउंडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या तारखा तिथल्या तिथे संपतात. तिथे वीज मिळते, शॉवर नाहीत. ब्राइसला पार्कच्या गेटबाहेर खासगी आरव्ही पार्क आहे, तिथे सगळं मिळतं. पेजजवळ लेक पॉवेलच्या काठावर वाहवीपचं कॅम्पग्राउंड, आणि ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला ट्रेलर व्हिलेज, पार्कच्या आत असून वीज-पाणी-ड्रेनेज तिन्ही असलेली तिथली एकमेव जागा, ती सगळ्यात आधी पकडा आणि बाकीच्या तारखा तिच्याभोवती बसवा. साइट निवडताना पुल-थ्रू म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघायची मिळाली तर दहा-वीस डॉलर जास्त देऊन घ्या, संध्याकाळी दमल्यावर रिव्हर्स घेण्यावरून नवरा-बायकोचं जे होतं ते टळतं.

आता सगळ्यात महत्त्वाची अडचण. झायनमधून पूर्वेला ब्राइसकडे जाणारा रस्ता १९३० साली पूर्ण झालेल्या झायन-माउंट कार्मेल बोगद्यातून जातो, एक मैलाहून थोडा लांब. बोगदा कमानीचा असल्याने मोठ्या गाड्यांना रस्त्याच्या मधोमध चालावं लागतं. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी असेल तर इतकी वर्षं परमिट काढून, समोरची वाहतूक थांबवून सोडायचे. नॅशनल पार्क सर्व्हिसने २०२६ च्या मध्यापासून अशा मोठ्या गाड्यांना तिथून बंदी जाहीर केलीये. भाड्याची क्लास सी या मापात बसत नाही, त्यामुळे हरिकेन, फ्रेडोनिया, कॅनॅब असा दक्षिणेकडून वळसा धरून चालायचं. गूगल मॅप्स तुम्हाला खुशाल बोगद्याकडेच पाठवणार, त्याला तुमची उंची माहीत नाही. आरव्हीची उंची-लांबी टाकता येईल असं नेव्हिगेशन अ‍ॅप घ्या.

(दुसरीकडे जाणार असाल तर हाच प्रश्न तिथेही विचारा. ग्लेशियर पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या भागात २१ फुटांहून लांब गाडी चालतच नाही. आणि पुलांचं म्हणाल तर नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वे पूल इतक्या ट्रकांची छपरं सोलून काढण्यासाठी प्रसिद्ध झाला की शेवटी २०१९ मध्ये तो आठ इंच वर उचलला. त्यानंतरही गाड्या धडकतात.)

वेळेचा एक घोळ. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं, आणि पेजला लागून असलेलं नवाहो नेशन, म्हणजे नवाहो आदिवासींचा स्वतःचा प्रदेश, अ‍ॅरिझोनात असूनही करतं. फोन टॉवरप्रमाणे एक तास इकडे-तिकडे उड्या मारतो. पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनची टूर असेल तर बुकिंगवर कुठली वेळ लिहिलीये ते विचारून घ्या आणि फोनच्या घड्याळावर विसंबू नका.

पार्कच्या वार्षिक पासचे दर २०२६ पासून बदललेत, अमेरिकेतल्या रहिवाशांना ८० डॉलर आणि बाहेरच्यांना २५०, शिवाय ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून ११ गाजलेल्या पार्कांत बाहेरच्यांना पास नसेल तर माणशी १०० डॉलर जादा. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर त्यांचा हिशोब कसा होतो ते निघायच्या आधी पार्कच्या वेबसाइटवर बघून घ्या, गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही.

गाडी ताब्यात घेताना

काउंटरवरचा पोरगा दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवून किल्ली हातात ठेवायला बघतो. घाई करू देऊ नका. फोनवर शूटिंग करत गाडीभोवती एक फेरी मारा, छपराचे कोपरे आणि टायर धरून, आणि मग एकेक गोष्ट चालू करून दाखवायला सांगा: पाण्याचा पंप, गॅसची शेगडी, गीझर, हीटर, एसी, जनरेटर. फ्रिज आधीपासून चालू ठेवलाय का ते विचारा, जुन्या प्रकारचा गॅसवर चालणारा फ्रिज थंड व्हायला सहा-आठ तास घेतो, आणि तुमचं दूध-दही तोवर बाहेर. सांडपाण्याची नळी उघडून बघा, भोक असेल तर आत्ताच बदलून घ्या. चाकाखाली ठेवायच्या फळ्या, ३० अँपचा प्लग ५० अँपच्या खांबाला लावायचा अ‍ॅडॅप्टर आणि पाण्याचा प्रेशर रेग्युलेटर आहेत का बघा. बाहेरून डिस्पोजेबल ग्लोव्ह्जचा डबा, टॉर्च आणि रबरी चपला आणा.

गाडीची उंची कागदावर फूट-इंचात लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.

चालवताना

पहिला अर्धा तास मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये घालवा. मागच्या चाकांच्या पाठी चार-सहा फूट गाडी लोंबत असते, त्यामुळे तुम्ही उजवीकडे वळलात की तिचं शेपूट डावीकडे फिरतं आणि पेट्रोल पंपाचा खांब घेऊन जातं. म्हणून पंपावर कायम कडेची लेन, आणि निघताना आधी सरळ पुढे या, मग वळा. ताशी ६० मैलांच्या वर जाऊ नका, लोक ओव्हरटेक करतील, करू देत. वाऱ्याचा झोत आडवा लागला की स्टिअरिंग ओढलं जातं, पेजच्या आसपास उघड्या माळावर वसंतात हे होतंच. उताराला टो-हॉल मोड (गिअर आपोआप खालचा ठेवणारं बटण) किंवा खालचा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. आणि चारच्या आत मुक्कामी. अंधारात हरणं आणि एल्क (मोठी हरणं) रस्त्यावर येतात, शिवाय साइटवर गाडी लावायला अंधारात दुप्पट वेळ लागतो.

निघण्याआधीची फेरी बाबांच्या नावावर लावून द्या. आमच्याकडे बाबांनी याची वहीच केली होती, आणि खूण केल्याशिवाय गाडी हलू द्यायचे नाहीत: पायरी आत, छपराची झाकणं बंद, वायर काढली, पाण्याची नळी काढली, सांडपाण्याचं झाकण लागलं, गॅस बंद, कपाटांच्या कड्या लागल्या, फ्रिजचं दार लॉक. शेवटचं कंटाळवाणं वाटतं, पण पहिल्याच वळणाला फ्रिज उघडून लोणच्याची बरणी बाहेर येते तेव्हा खरं. मिसळणाचा डबा ओट्यावर राहू देऊ नका, तो सिंकमध्ये टॉवेलात गुंडाळून. हळदीचा डाग गाडीवाल्यांच्या पडद्यावरून निघत नाही आणि डिपॉझिटमधून निघतो.

रिव्हर्स घेताना एक माणूस बाहेर, ड्रायव्हरला आरशात दिसेल असा उभा, आणि फोनवर कॉल चालू. तो माणूस आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे. वरच्या फांद्या बघायला पण विसरू नका, सगळे खालीच बघतात.

पोचल्यावर

क्रम असा. आधी गाडी सपाट करा, ओट्यावर पाण्याने भरलेलं ताट ठेवलं की कल लगेच दिसतो, ज्या बाजूला उतार त्या चाकाखाली फळी घाला. हे फक्त झोपेसाठी नाही, गॅसवरचा फ्रिज तिरप्या गाडीत चालत नाही. मग विजेच्या खांबाचा ब्रेकर बंद करून वायर लावायची आणि नंतर ब्रेकर चालू. मग नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर, त्याला पांढरी नळी. पांढरी नळी फक्त पिण्याच्या पाण्याची, दुसऱ्या रंगाची असेल ती घाण धुवायची, दोन्ही एका कप्प्यात ठेवू नका. नळ जोडलात की पंप बंद.

वीज

३० अँपची लाइन म्हणजे ३६०० वॅट, संपला विषय. एसी १५०० च्या आसपास घेतो, मायक्रोवेव्ह तेवढेच, इन्स्टंट पॉट १०००, पाण्याची किटली १५००, हेअर ड्रायर १५००. म्हणजे एसी चालू असताना भात लावलाय आणि कोणीतरी चहाची किटली चालू केली की ब्रेकर पडला. घरात एकाने वीजमंत्री व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला विचारून बटण दाबायचं, हसू येतं पण चालतं.

हूकअप म्हणजे वीज-पाण्याची जोडणी नसलेल्या जागी गोष्ट वेगळीच. तिथे दिवे, पंप आणि हीटरचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात आणि भिंतीतले सॉकेट मेलेले असतात. बाबा रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून लावतात ते) लावत असतील तर हे फार महत्त्वाचं आहे, त्या मशीनची १२ व्होल्टची वायर किंवा वेगळी बॅटरी आधीच घ्या. जनरेटर आहे म्हणून निश्चिंत राहू नका, पार्कात तो ठरावीक तासांतच चालवता येतो, रात्री नाहीच.

पाणी आणि टाक्या

आरव्ही म्हणजे टँकरवर चालणारी सोसायटी, हे डोक्यात ठेवलं की अर्धं काम झालं, आणि पुण्या-लातुरातून आलेल्या आई-बाबांना ते आपल्याआधी समजतं.

टाक्या तीन. स्वच्छ पाण्याची, साधारण ३० ते ४० गॅलन, म्हणजे ११५ ते १५० लिटर. ग्रे टँक, त्यात सिंक आणि शॉवरचं पाणी. ब्लॅक टँक, त्यात संडासाचं. गीझर ६ गॅलनचा, तेवीस लिटर, म्हणजे अंग ओलं करा, बंद करा, साबण लावा, मग धुवा. यातही चौथ्या माणसाला कोमटच मिळेल, त्याला वीस मिनिटं थांबवा. कॅम्पग्राउंडवर शॉवर असतील तर तेच वापरा. ग्रँड कॅन्यनला मॅदर कॅम्पग्राउंडजवळ पैसे टाकून वापरायचे शॉवर आणि कपडे धुवायची सोय आहे, दोन्ही कामं तिथे उरकता येतात.

ग्रे टँक सगळ्यात आधी भरतो आणि त्याला कारण आपली भांडी. नळ सोडून घासायची सवय असेल तर एका जेवणात पाच-सात गॅलन जातात. आधी कागदाने तेल-मसाला पुसून घ्या, मग टबात घासा. सिंकच्या भोकावर बारीक जाळी ठेवा, कढीपत्ता, मोहरी आणि चहाचा चोथा टाकीत गेला की सेन्सरला चिकटून बसतो आणि मग रिकामी टाकीसुद्धा भरलेली दाखवते. सेन्सर तसेही खोटं बोलतात, अंदाज स्वतःचा ठेवा.

आता संडास. बसण्याआधी पेडल दाबून भांड्यात थोडं पाणी घ्यायचं, नंतर भरपूर पाणी सोडायचं. पाणी वाचवायचं ते आंघोळीत, इथे नाही. ब्लॅक टँकमध्ये पाणी कमी पडलं तर घट्ट गाळाचा ढीग बसतो आणि तो पुढे कशानेच हलत नाही. आपल्याकडे टमरेल वापरतात ते यासाठी उलट चांगलंच, फक्त टाकी लवकर भरेल हे धरून चाला, चार-पाच जणांत दोन-तीन दिवस. कागद वापरणारे असतील तर लवकर विरघळणाराच, आणि वेट वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, टाकायचे नाहीत. साइटवर ड्रेनेजची सोय असली तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंद, दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम सोडायचा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत राहतं.

रिकामी करायची पद्धत नीट वाचा, पहिल्यांदा सगळे घाबरतात आणि दुसऱ्यांदा पाच मिनिटांत होतं. ग्लोव्ह्ज घाला, रबरी चपला घाला, पोरांना लांब पाठवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते ओढून नाही, ढकलून बघा. मग पाइपाचं झाकण काढा, खाली चेहरा नेऊ नका, थोडं पाणी पडतंच. नळीचं एक टोक गाडीला फिरवून खट् होईपर्यंत लावा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात आणि त्यावर एक दगड किंवा तुमचा पाय, कारण जोरात आलं की नळी उसळते. आता ब्लॅक उघडा. आवाज येईल, नळी जड होईल, मग हळूहळू हलकी होईल. आवाज पूर्ण थांबला की आतल्या माणसाने संडासातून दोन-तीन बादल्या पाणी ओतायचं, ते पण जाऊ द्या, व्हॉल्व्ह बंद. मग ग्रे उघडा, साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं, म्हणून आधी ब्लॅक आणि मग ग्रे, उलटं कधीच नाही. नळी गाडीकडून सुरू करून वर उचलत उचलत भोकाकडे रिकामी करा. शेवटी संडासात थोडं पाणी आणि केमिकलची पुडी टाका. हे काम सकाळी नाश्त्याच्या आधी करा, नंतर नाही, एवढंच सांगते.

ड्रेनेजची सोय नसलेल्या साइटवरून निघाल्यावर डंप स्टेशन म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा शोधावी लागते, बऱ्याच कॅम्पग्राउंडवर आणि फ्लाइंग जे, लव्ह्ज अशा हायवेवरच्या काही मोठ्या पंपांवर पैसे देऊन मिळतं. भांड्याचं पाणीच तर आहे म्हणून ग्रे टँक झाडीत सोडू नका, दंड आहे.

स्वयंपाक

फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजणार. तो बिचारा शेगडीपासून चार फुटांवर असतो. छपरातला पंखा आधी चालू, खिडकी उघडी, आणि तरीही मिरचीची फोडणी असेल तर बाहेर. एक छोटा इंडक्शन न्या, साइटच्या लाकडी टेबलावर गाडीच्या बाहेरच्या सॉकेटला लावा आणि आईला तिथे सेटअप करून द्या. संध्याकाळी लाल डोंगरासमोर बसून थालीपीठ थापणं हा आईच्या ट्रिपमधला आवडता भाग ठरला तर नवल वाटून घेऊ नका. अलार्मची बॅटरी मात्र काढून ठेवायची नाही. जमिनीजवळ जो दुसरा अलार्म असतो तो गॅस गळतीचा, प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून खाली बसतो. रात्री थांबून थांबून टिकटिक आवाज आला तर बऱ्याचदा बॅटरी उतरलेली असते, पण सलग वाजला तर काहीही न शोधता सगळे बाहेर, सिलिंडर बाहेरूनच बंद. आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात.

ब्राइसला रिम ८००० फुटांवर आणि त्याच्याही वर आहे, तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. कुकर हवाच, आणि तूरडाळीला दोन शिट्ट्या जास्त.

सामान व्हेगासला भरा, भारतीय दुकानं तिथेच आहेत, पुढे कॅनॅब-पेजला साधं किराणा मिळतं पण कोथिंबिरीवरच समाधान मानावं लागतं. घरून भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, भाजून ठेवलेला रवा, पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या किंवा धपाटे. सकाळी उपमा-पोहे, दुपारी गाडीत धपाटे-दही, रात्री मुगाची खिचडी, यापुढे महत्त्वाकांक्षा ठेवू नका. पुरणपोळीचा आग्रह कोणी धरला तर भांडी त्याने घासायची. उरलंसुरलं बाहेर ठेवू नका, ग्रँड कॅन्यनचे डोमकावळे पिशवीची चेन उघडतात.

रात्र आणि थंडी

ब्राइसला मे महिन्यातही रात्री पारा शून्याखाली जातो. असा अंदाज असेल तर झोपण्याआधी पाण्याची नळी काढून रिकामी करा आणि टाकीतलं पाणी पंपाने वापरा, नाहीतर सकाळी नळीत बर्फ. हीटर गॅसवर चालतो पण पंखा बॅटरीवर, हूकअप नसेल तर ६०-६२ फॅरनहाइटवर ठेवून जाड रजया घ्या. भाड्याच्या पांघरुणाच्या भरवशावर राहू नका.

आई-बाबांसाठी

गाडीची पायरी उंच आणि अरुंद असते, गुडघेदुखी असेल तर एक पक्का स्टूल पायरीखाली ठेवायला न्या आणि उतरताना उलटं, दांडी धरून उतरायला सांगा. रात्री बाथरूमच्या वाटेवर सेलवरचा छोटा दिवा. औषधं वरच्या कपाटात नाही, फ्रंट सीटजवळच्या पिशवीत. ब्राइसच्या उंचीवर पहिल्या दिवशी दम लागतो, त्या दिवशी फक्त रिमवरून फिरा. झायनच्या आतल्या सीनिक ड्राइव्हवर शटलच्या (पार्कच्या बसच्या) मोसमात खासगी गाड्या जात नाहीत, ब्राइसला शटलच्या वेळात व्ह्यूपॉइंटच्या बऱ्याच पार्किंगमध्ये मोठ्या गाड्या घेत नाहीत, त्यामुळे गाडी साइटवरच ठेवून शटलने जायचं. हे वाईट नाही, ड्रायव्हरलाही डोंगर बघायला मिळतात. पहिली शटल पकडा, अकरापर्यंत परत या, जेवा, झोपा, पाचनंतर पुन्हा निघा. मधल्या उन्हात बाकीचे पार्किंग शोधत असतात.

परत करताना

शेवटच्या रात्रीच्या कॅम्पग्राउंडवर ड्रेनेजची सोय असलेलीच साइट घ्या, तिथेच दोन्ही टाक्या रिकाम्या करून निघा, कारण भरलेली गाडी परत दिली की साफसफाईचे पैसे तुम्ही रिकामी करण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट लावतात. साउथ रिमपासून व्हेगास २८० मैल आहे, आरव्हीला जेवणाचा थांबा धरून सहा तास. परत करायची वेळ सकाळी अकराची असेल तर त्याच दिवशी ग्रँड कॅन्यनहून निघून पोचणं जमत नाही, म्हणून शेवटचा मुक्काम वाटेतल्या किंगमन गावात किंवा थेट व्हेगासमध्ये. पेट्रोल डेपोच्या अलीकडच्या पंपावर भरा, प्रोपेन भरून द्यायचाय का ते करारात बघा, फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा, कपाटं आणि गादीखाली एकदा हात फिरवा. आणि घेतली तशीच देतानाही गाडीभोवती फेरी मारून व्हिडिओ काढा, मैल आणि जनरेटरच्या तासांच्या मीटरचे फोटोसुद्धा, मग डिपॉझिट जमा होईपर्यंत ते फोनमधून उडवू नका.